तक्त्याला स्मरण नसते: लॉकबॉइसडेलची फेरीसेवा, जून 2023

2023 च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या कॅलेडोनियन मॅकब्रेन या सरकारी फेरी (बोटसेवा) कंपनीने, म्हणजे तिथल्या लोकांच्या बोलण्यातल्या 'कॅलमॅक'ने, एक घोषणा केली. साउथ यूइस्ट बेटावरील लॉकबॉइसडेल आणि मुख्य भूमीवरील मॅलेग यांना जोडणारी सेवा जवळजवळ संपूर्ण जून महिना बंद राहील, असे तिने जाहीर केले. जून हा तिथे पर्यटनाच्या भर हंगामाचा महिना असतो. या घोषणेतली सर्वांत बोचरी बाब अशी होती, की लॉकबॉइसडेलच्या मार्गावरचे जहाज बिघडलेलेच नव्हते. 1985 साली बांधलेले 'हेब्रिडियन आइल्स' हे जहाज वार्षिक दुरुस्तीतून वेळेत बाहेर आले नाही; त्यामुळे आयला बेटाच्या मार्गावर एक जहाज कमी पडले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी साउथ यूइस्टचे 'लॉर्ड ऑफ द आइल्स' तिकडे वळवण्यात आले. बिघाड एका ठिकाणी झाला आणि बंदर दुसऱ्याच बेटाचे बंद पडले.

4 जूनला साउथ यूइस्टचे शेकडो रहिवासी आपापल्या गाड्या घेऊन लॉकबॉइसडेलच्या धक्क्यावर निषेधासाठी जमले. 2011 च्या जनगणनेत ज्या बेटाची लोकसंख्या 1,750 च्या आसपास होती, तिथे शेकडो माणसे एकत्र येणे म्हणजे बेटाचा मोठा हिस्साच धक्क्यावर येणे होय. त्यांच्या निषेधाचा रोख केवळ त्या एका महिन्यावर नव्हता. जहाज कमी पडले की दर वेळी आमचेच का काढून घेतले जाते, हा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न भावनेपोटी विचारलेला वाटू शकतो, पण माझ्या मते तो नियोजनाच्या मुळाशी जाणारा आहे आणि या प्रकरणाचा अभ्यास त्याच्याभोवतीच व्हायला हवा.

नकाशावरचा पर्याय आणि रस्त्यावरचा पर्याय

साउथ यूइस्ट हे आउटर हेब्रिडीज या द्वीपमालेतले बेट आहे. उत्तरेला बेनबेक्युला आणि नॉर्थ यूइस्ट, तर दक्षिणेला एरिस्के ही बेटे त्याला पूल आणि समुद्रात भराव घालून बांधलेल्या रस्त्यांनी जोडलेली आहेत. दक्षिणेकडचा एरिस्केचा भराव 2001 मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे कंपनीच्या गोरॉक येथील मुख्यालयातून नकाशाकडे पाहिले, तर लॉकबॉइसडेल बंद पडले तरी बेट तुटत नाही असेच दिसते. उत्तरेला नॉर्थ यूइस्टवरचे लॉकमॅडी बंदर आहे आणि तिथून स्काय बेटावरच्या यूइगला बोट जाते. दक्षिणेला एरिस्केहून बारा बेटाला चाळीस मिनिटांची छोटी फेरी आहे आणि बाराच्या कासलबेहून ओबानला मोठे जहाज जाते.

प्रत्यक्ष प्रवास मात्र वेगळाच असतो. लॉकबॉइसडेलहून मॅलेगला थेट बोटीने साडेतीन तास लागतात. पर्यायी मार्गाने जायचे तर आधी सत्तर किलोमीटरच्या आसपास उत्तरेला लॉकमॅडीपर्यंत गाडी चालवायची, आणि या रस्त्याचा बराच भाग एकेरी आहे. समोरून गाडी आली की बाजूच्या जागेत थांबून तिला वाट द्यावी लागते. मग यूइगची बोट, त्यापुढे सबंध स्काय बेट उत्तरेकडून दक्षिणेकडे पार करून आर्मडेलला पोहोचायचे आणि तिथून मॅलेगला आणखी एक फेरी पकडायची. स्कायचा पूल 1995 पासून वाहतुकीला खुला आहे, त्यामुळे रस्त्याने मुख्य भूमी गाठता येते, पण अंतर त्याने कमी होत नाही. दक्षिणेच्या वाटेवर दोन बोटींच्या वेळा एकमेकींशी जुळाव्या लागतात. या दोन्ही वाटांवरच्या बोटी जूनमध्ये त्यांच्या स्वतःच्या प्रवाशांनी भरलेल्या असतात आणि विशेषतः गाड्यांसाठीची जागा कित्येक दिवस आधीच संपते. ज्या पर्यायात जागाच शिल्लक नाही, त्याला नियोजनात पर्याय म्हणून मोजणे चुकीचे आहे.

या बेटाच्या अर्थव्यवहारातला एकच धागा जवळून पाहू. यूइस्टच्या किनाऱ्यावर लँगूस्टिन नावाची, शेवंडीच्या कुळातली लहान, नारिंगी सागरी जात सापळे लावून पकडली जाते. युरोपच्या बाजारात तिला भाव येतो तो जिवंत असताना. त्यासाठी एकेक नग वेगळ्या नळकांड्यात उभा ठेवतात, कारण एकत्र ठेवले तर ते एकमेकांना नांग्यांनी जखमी करतात. नळकांड्यांचे खोके ओले व थंड राहतील अशी तजवीज असलेल्या गाडीत भरून ती गाडी बोटीवर चढवली जाते. त्या क्षणापासून माल किती टिकेल ते तासांत मोजावे लागते. सकाळची बोट रद्द झाली तर गाडी लॉकमॅडीकडे धावते. तिथे जागा मिळाली नाही तर माल दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो. आणि थांबलेल्या मालातला जो भाग मरतो त्याची भरपाई तिकिटाचे पैसे परत देऊन होत नाही. जूनसाठी खोल्या राखून ठेवणाऱ्या घरमालकाचे, मुख्य भूमीवरच्या बाजारात वासरे पाठवणाऱ्या शेतकऱ्याचे आणि रुग्णालयातली तपासणीची तारीख गाठायची असलेल्या वृद्धाचे नुकसान रूपाने वेगळे असले, तरी जातीने हेच आहे. रद्द झालेल्या फेरीची किंमत तिकिटाच्या कितीतरी पट असते आणि ती कंपनीच्या हिशेबवहीत कुठेच उमटत नाही.

निर्णय कसा झाला

इतके सगळे माहीत असूनही कंपनीने लॉकबॉइसडेलचीच निवड का केली, याचे उत्तर तिच्या कार्यपद्धतीत आहे. जहाजे कमी पडली की कोणत्या मार्गाला अग्रक्रम द्यायचा, यासाठी कॅलमॅक एक गुणांकन-तक्ता वापरत असे. अशा तक्त्यात प्रवासी किती, गाड्या व मालवाहतूक किती आणि दुसरी वाट उपलब्ध आहे की नाही, या गोष्टी तोलल्या जातात. आयलाची लोकसंख्या सुमारे 3,200, तिथे व्हिस्कीच्या अनेक भट्ट्या, त्यांचा कच्चा माल आणि पिंपे वाहणाऱ्या अवजड गाड्यांची सततची वर्दळ, आणि दुसऱ्या बेटाला जोडणारा पूल नाही. यूइस्टची लोकसंख्या त्याच्या निम्म्याच्या जवळ, मालवाहतूक कमी, आणि कागदावर दोन पर्यायी वाटा. तक्ता प्रामाणिकपणे भरला तरी निकाल आयलाच्या बाजूने लागणार हे उघड आहे.

त्या दिवसापुरता तो निकाल अन्यायाचा होता असे मी म्हणणार नाही. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दोन मार्ग आणि एक जहाज असेल, तर जास्त लोकांचे काम चालू ठेवणे हा बचाव करता येण्यासारखा निर्णय आहे, आणि आयलाच्या लोकांचा यात काडीचाही दोष नाही. खोट वेगळ्या जागी आहे. हा तक्ता प्रत्येक बिघाड नव्याने, जणू तो पहिलाच आहे अशा रीतीने तपासतो. मागच्या वेळी कोणी सोसले, या वर्षात कोणत्या बंदराच्या किती फेऱ्या आधीच गेल्या, याची नोंद गुणांकनात येत नसेल, तर उतरत्या क्रमात शेवटी असलेले बेट दर वेळी शेवटीच राहते. दहा निर्णय घेतले तर दहाही सुटेसुटे पाहता योग्य ठरतात आणि त्यांची बेरीज मात्र एकाच गावाच्या डोक्यावर येते. जहाजे पुरेशी असताना हा दोष झाकलेला राहतो, कारण तक्ता वापरण्याची वेळच क्वचित येते. 2023 पर्यंत ती वेळ वारंवार येऊ लागली होती.

जहाजे का पुरत नव्हती

कॅलमॅक ही कंपनी 1 जानेवारी 1973 रोजी कॅलेडोनियन स्टीम पॅकेट कंपनी आणि डेव्हिड मॅकब्रेन यांच्या सेवा एकत्र करून स्थापन झाली. मॅकब्रेन घराण्याच्या बोटी त्याआधी शतकभर या किनाऱ्यावर चालत होत्या. ऑक्टोबर 2006 मध्ये तिचे दोन भाग करण्यात आले. सागरी वाहतुकीच्या अनुदानित सेवांसाठी स्पर्धात्मक निविदा काढाव्यात, या युरोपीय संघाच्या नियमांची पूर्तता व्हावी म्हणून जहाजे आणि बरीच बंदरे कॅलेडोनियन मरिटाइम ॲसेट्स या वेगळ्या सरकारी कंपनीकडे ठेवली गेली आणि सेवा चालवण्याचे काम कॅलमॅक फेरीज या कंपनीकडे आले. पैसा आणि धोरण स्कॉटिश सरकारच्या परिवहन यंत्रणेचे, जहाजाची मालकी दुसऱ्याची आणि ते चालवण्याची जबाबदारी तिसऱ्याची, अशी ही रचना आहे. फेरी रद्द झाल्यावर बेटावरचा माणूस जिला जाब विचारतो, त्या कंपनीला नवे जहाज विकत घेण्याचा अधिकारच नाही, हे या रचनेचे सर्वांत महत्त्वाचे फलित मला वाटते.

त्यानंतर मागणी वाढवणारा एक निर्णय झाला, आणि तो मुळात चांगला होता. बेटावर जाण्याचे भाडे तेवढेच अंतर रस्त्याने कापायला येणाऱ्या खर्चाशी जोडण्याची योजना ऑक्टोबर 2008 मध्ये पश्चिमेकडच्या बेटांसाठी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, 2012 मध्ये आयलाला आणि 2014 मध्ये ॲरन बेटाला लागू झाली आणि पुढे सगळ्या जाळ्यात पसरली. भाडे उतरल्याने बेटावरच्या कुटुंबांना दिलासा मिळाला, पण त्याच स्वस्ताईमुळे पर्यटकांच्या मोटारी आणि फिरती घरे मोठ्या संख्येने येऊ लागली. उन्हाळ्यात गाड्यांचा डेक भरू लागला आणि आयत्या वेळी निघावे लागणाऱ्या स्थानिक माणसाला जागा मिळेनाशी झाली. मागणी वाढवणारे धोरण अमलात आले, क्षमता वाढवणारे आले नाही. 2007 नंतरच्या पंधरा वर्षांत ताफ्यात मोठी अशी दोनच नवी जहाजे दाखल झाली: 2011 मध्ये आयलासाठी 'फिनलॅगन' आणि 2014-15 मध्ये उल्लापूल-स्टॉर्नोवे मार्गासाठी 'लॉक सीफोर्थ'. 2023 साली 'आइल ऑफ ॲरन' 39 वर्षांचे, 'हेब्रिडियन आइल्स' 38 वर्षांचे, 'आइल ऑफ मल' 35 वर्षांचे आणि खुद्द 'लॉर्ड ऑफ द आइल्स' 34 वर्षांचे होते.

जुन्या जहाजाचे दुखणे एका ठरावीक पद्धतीने बाहेर पडते. प्रवासी जहाजाला दर वर्षी तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणून शरद ऋतूपासून वसंतापर्यंत जहाजे पाळीपाळीने सुक्या गोदीत जातात. पत्रा खरवडला की गंज किती खोल गेला आहे ते तेव्हा कळते, आणि मग दोन आठवड्यांचे काम दोन महिन्यांचे होते. इंजिनाचे वा पंख्याचे सुटे भाग बाजारात मिळत नसतील तर ते मुद्दाम बनवून घ्यावे लागतात. पाळी एकाची लांबली की पुढच्याची अडते, आणि ही साखळी मे-जूनपर्यंत ओढली जाते. 'हेब्रिडियन आइल्स'च्या बाबतीत झाले ते हेच. यात अनपेक्षित असे काही नव्हते.

'लॉक सीफोर्थ'चा अनुभव तर आधीच गाठीशी होता. उल्लापूल-स्टॉर्नोवे मार्गावर पूर्वी प्रवाशांचे एक आणि मालाचे एक अशी दोन जहाजे होती. त्या दोहोंचे काम या एका मोठ्या जहाजाकडे दिले गेले. एप्रिल 2021 मध्ये त्याचे इंजिन निकामी झाले आणि ते कित्येक आठवडे बंद राहिले, तेव्हा त्याची जागा भरण्यासाठी इतर मार्गांवरची जहाजे हलवावी लागली आणि त्याचा धक्का साऱ्या जाळ्याला बसला. दोन जहाजांऐवजी एक, ही काटकसर ते जहाज चालू असेपर्यंतच काटकसर असते.

न आलेली जहाजे

जून 2023 मध्ये जी जहाजे ताफ्यात असायला हवी होती, ती पोर्ट ग्लासगोच्या गोदीत अर्धवट उभी होती. ऑक्टोबर 2015 मध्ये फर्ग्युसन मरीन या जहाजबांधणी कंपनीला 9 कोटी 70 लाख पौंडांत दोन मोठी जहाजे बांधण्याचे कंत्राट मिळाले. डिझेल आणि द्रवरूप नैसर्गिक वायू अशा दोन्ही इंधनांवर ती चालणार होती आणि 2018 मध्ये ताब्यात मिळणार होती. पहिल्याचे, म्हणजे 'ग्लेन सॅनक्स'चे, जलावतरण नोव्हेंबर 2017 मध्ये समारंभपूर्वक झाले, तेव्हा त्याच्या पुढच्या भागातल्या काही खिडक्या केवळ रंगवलेल्या होत्या. ऑगस्ट 2019 मध्ये बांधणारी कंपनी आर्थिकदृष्ट्या कोलमडली आणि त्याच वर्षअखेर सरकारने ती ताब्यात घेतली. मार्च 2022 मध्ये ऑडिट स्कॉटलंड या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने दिलेल्या अहवालात दोन जहाजांचा खर्च किमान 24 कोटी पौंड, म्हणजे मूळ किमतीच्या अडीच पट, धरला होता. शिवाय जहाजे वेळेत न मिळाल्यास पैसे परत मिळण्याची नेहमीची पूर्ण हमी न घेताच कंत्राट दिले गेले, यावरही त्या अहवालाने बोट ठेवले.

ही दोन्ही जहाजे लॉकबॉइसडेलसाठी नव्हती, आणि म्हणूनच हा तपशील इथे महत्त्वाचा आहे. नवे जहाज एका मार्गावर आले की तिथले जुने मोकळे होऊन दुसरीकडे जाते आणि तिथले आणखी जुने राखीव म्हणून उभे राहू शकते. बिघाडाची झळ जशी जाळ्यातून खाली झिरपते, तसाच नव्या जहाजाचा लाभही झिरपतो. पाच वर्षे तो झिरपलाच नाही.

कंपनीने आणि सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. एप्रिल 2023 मध्ये पेंटलंड फेरीज या खासगी कंपनीचे 'आल्फ्रेड' हे दोन सांगाड्यांचे जहाज नऊ महिन्यांसाठी, खलाशांसह, 90 लाख पौंडांना भाड्याने घेण्यात आले. व्हिएतनाममध्ये बांधलेल्या या जहाजाची मूळ किंमत सुमारे 1 कोटी 40 लाख पौंड होती, त्यावरून आणीबाणीत घेतलेले राखीव जहाज किती महाग पडते याची कल्पना येते. तरीही जूनमध्ये लॉकबॉइसडेल बंद झाले. कारण असे, की कोणतेही जहाज कोणत्याही धक्क्याला लागत नाही. जहाज धक्क्याशी येते, त्याचे दार उघडते आणि भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होणारा धक्क्याचा पूल त्याच्या रॅम्पशी जुळवला जातो. पुलाची रुंदी, रॅम्पचा कोन, धक्क्यापाशी पाण्याची खोली आणि दोर बांधण्याच्या खुंट्यांची जागा यांपैकी एक गोष्ट जुळली नाही तरी गाडी उतरू शकत नाही. दशकानुदशके प्रत्येक मार्गासाठी वेगळ्या मापाचे जहाज आणि त्याच्या मापाचे बंदर बांधत गेल्यामुळे अदलाबदलीला फार थोडी मोकळीक उरली आहे. 'ग्लेन सॅनक्स' अखेर जानेवारी 2025 मध्ये ॲरनच्या सेवेत आले, तेव्हाही ते आर्ड्रॉसन या नेहमीच्या बंदरात लागू शकत नसल्यामुळे त्याला ट्रून बंदरातून सोडावे लागले.

काय करता आले असते

राखीव जहाज ही चैन नाही, हे मान्य केल्याखेरीज या प्रकरणातून काही हाती लागणार नाही. वर्षाचे बरेच दिवस धक्क्याला बांधून ठेवलेले जहाज हिशेबात वायफळ दिसते, कारण त्याच्या खलाशांचा पगार, विमा आणि देखभाल यांचा आकडा कागदावर असतो, तर त्याच्यामुळे टळलेले नुकसान शेकडो घरांत विखुरलेले असल्याने कोणीच मोजत नाही. रेल्वेला जादा इंजिन आणि रुग्णालयाला जनरेटर लागतो हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तीस-पस्तीस जहाजांच्या आणि काही मोठी जहाजे चाळिशीला टेकलेल्या ताफ्यात किमान एक मोठे जहाज, बहुतेक धक्क्यांना लागेल अशा मापाचे, मोकळे असायलाच हवे होते.

ते नसतानाही, त्याच तक्त्यात एक स्तंभ वाढवता आला असता: या बारा महिन्यांत त्या बंदराने आधी किती फेऱ्या गमावल्या. तो स्तंभ असता तर जूनचा महिना एकाच बेटावर न लादता दोन-तीन मार्गांत वाटावा लागला असता. आयलाच्या आठवड्यातल्या काही फेऱ्या कमी करून 'लॉर्ड ऑफ द आइल्स' निदान काही दिवस तरी मॅलेग-लॉकबॉइसडेल करू शकले असते. त्यात खलाशांच्या पाळ्या आणि वेळापत्रकाची ओढाताण झाली असती, आयलाच्या लोकांचा रोषही ओढवला असता. पण बेटावरचा व्यावसायिक आठवड्याला दोन फेऱ्यांवर कसाबसा तग धरतो. महिनाभर शून्य फेऱ्यांवर त्याला तग धरता येत नाही. शून्य आणि दोन यांतला फरक आठ आणि दहा यांतल्या फरकाएवढा नसतो, आणि प्रवासी मोजणाऱ्या तक्त्याला तो समान दिसतो.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ती वेगळीच गोष्ट. साउथ यूइस्टच्या लोकांनी 2006 मध्ये आपल्या बेटाची जमीन, सुमारे 93,000 एकरांची जहागीर, सामुदायिक मालकीत विकत घेतली. बेट ओस पडू नये म्हणून त्यांनी स्वतःची संस्था उभारली, पवनचक्क्या बसवल्या, लॉकबॉइसडेलला छोट्या बोटींसाठी बंदर केले. जमिनीबाबत जे गाव इतके पुढे गेले, त्याला आपल्या एकमेव मोठ्या बोटीचा निर्णय घोषणेतून कळला. फेरी कुठे कापायची हे ठरवताना त्या बंदरावर कोणाचे काय अवलंबून आहे हे सांगणारे कोणी त्या बैठकीत असणे, ही खर्चाची बाब नव्हती.

निषेधानंतर कंपनीने अग्रक्रमाच्या तक्त्याचा फेरविचार करण्याचे मान्य केले. तुर्कस्तानातील यालोवा येथील जेमरे गोदीला 2022 आणि 2023 मध्ये मिळून चार जहाजांची मागणी दिली गेली, त्यांतली दोन आयलासाठी आणि दोन स्काय-लॉकमॅडी-टार्बर्ट मार्गांसाठी आहेत. ज्याच्या दुरुस्तीपायी लॉकबॉइसडेलचा जून गेला, ते 'हेब्रिडियन आइल्स' 2024 मध्ये, आयलाचे पहिले नवे जहाज यायच्या आधीच, सेवेतून काढण्यात आले. ऑक्टोबर 2025 पासून निविदा न काढता पुढील दहा वर्षांसाठी सेवा पुन्हा कॅलमॅककडेच देण्यात आली आहे. नवी जहाजे एकेक करून आली की जुनी मोकळी होतील, आणि त्यांतले एक धक्क्याला राखीव बांधून ठेवायचे की देखभालीचा खर्च वाचवण्यासाठी लगेच मोडीत काढायचे, हा निर्णय दर वेळी नव्याने समोर येईल. 'लॉर्ड ऑफ द आइल्स'चे काय होते, याकडे लॉकबॉइसडेलचे लोक डोळे लावून बसतील.